नवमीच्या पाटावरची सातवी गिटार

माझ्याकडे सहा गिटारी होत्या आणि मला एफ येत नव्हता. एफ ही एक जुळणी, म्हणजे कॉर्ड आहे. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचं काम करायचं. शिकणारे बहुतेक तिथेच अडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पार होतात. मी नऊ वर्षं अडलो होतो. दर वेळी वाटायचं, हिच्या तारा फार उंच आहेत, हिची मान जाड आहे, पुढची घेतली की येईल. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवलं आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र मी अंगणच बदलत राहिलो.

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या घरात आई, बायको, मुलगी आणि मी. गिटारी माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या असायच्या, सगळ्या एकसारख्या काळ्या बॅगांमध्ये. बॅगा एकसारख्या घेण्यामागे अक्कल होती. चार काळ्या बॅगांच्या पाच झाल्या तर पाहुण्याला कळत नाही आणि बायकोला कळायला आठवडा लागतो. सहावी आली तेव्हा तिने चहाचा कप ठेवता ठेवता एवढंच म्हटलं होतं, "आता ही शेवटची ना?" मी हो म्हटलं होतं, आणि म्हणताना ते खरंही होतं.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. डावखुरी. लहानपणी आईने तिचा हात बदलायची फार खटपट केली. ताटावर बसली की आई चमचा काढून उजव्या हातात द्यायची आणि ती तो पुन्हा डाव्यात घ्यायची. शेवटी आई थकली. मुलीला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. आम्ही मराठीत विचारायचं, तिने हिंदीत सांगायचं, असं आमचं घर चालतं.

एके दिवशी ऑफिसातून आलो तर ती माझ्या खोलीत बसली होती, मांडीवर माझी सगळ्यात महागाची गिटार, तीसुद्धा उलटी. मान उजव्या हातात, डाव्या हाताने तारा छेडत होती. जाड तारा खाली, बारीक वर. मी दारातूनच ओरडलो, "उलटी धरून राहिली तू. ठेव ती खाली. चरा पडला तर?"

तिने गिटार नीट बॅगेत घातली, चेन लावली आणि मगच म्हणाली, "सीधा पकड़ने से मुझसे बजता नहीं, पापा."

मला लाज वाटली. डावखुऱ्यांची गिटार वेगळी मिळते, डाव्या हाताने छेडतानाही जाड तार वरच येईल अशी, हे मला पक्कं माहीत होतं. गिटारींबद्दल मला सगळंच माहीत होतं, वाजवणं सोडून. मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी तुझ्या हाताची आणतो. त्या दिवशी जेवताना तिने स्वतःहून माझ्या ताटात भाकर वाढली.

त्याच शनिवारी मी सदर बाजारात गेलो. तिथल्या एका गल्लीत हार्मोनियम-तबल्याचं जुनं दुकान आहे, वरच्या मजल्यावर गिटारी. दुकानदार मला भैया म्हणतो, मी त्याला भैया म्हणतो. तो म्हणाला, डाव्या हाताची कलकत्त्याहून मागवावी लागेल, दोन महिने धरा. मी म्हटलं, मागवा. तो वही शोधायला वळला आणि वळता वळता म्हणाला, "बैठिए भैया, तब तक एक चीज देखिए."

मी तेव्हा उठून जायला हवं होतं. ती चिंचोक्याच्या रंगाची होती, तशीच गुळगुळीत. मी एफ धरून पाहिला. सहापैकी पाच तारा वाजल्या. पाच! नऊ वर्षांत माझ्या चारच्या वर कधी वाजल्या नव्हत्या. दोन्ही एकदम घेणं झेपणारं नव्हतं. मी भैयाला म्हटलं, मुलीची पुढच्या महिन्यात सांगतो, ही बांधा. एवढ्या सहज म्हटलं की मला स्वतःलाच ते वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते घरी आल्यावर. मुलगी दारातच उभी होती, माझ्या हातांकडे बघत. मी म्हटलं, "सांगून ठेवली आहे. कलकत्त्याहून येते, वेळ लागते."

"हव," ती म्हणाली. आमच्याकडचं हो.

सातवी गाडीच्या डिकीत होती. सोमवारी ती माझ्याबरोबर नवा रायपूरला गेली. आमचं ऑफिस तिकडे हलून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि आत निम्म्या खोल्या रिकाम्या. फायलींची खोली माझ्या ताब्यात होती. तिथल्या मोठ्या लोखंडी कपाटात मी गिटार उभी केली आणि किल्ली खिशात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत दार आतून लावून घ्यायचो, एफ धरायचो. पाच तारा वाजायच्या, सहावी नाही. बाहेर कुणाची पावलं वाजली की श्वास धरून बसायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या खोलीत कळलं.

घरी तर जास्तच अवघड. रोज संध्याकाळी मुलगी माझ्या हातांकडे बघायची. विचारायची नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं; मी चिडून काहीतरी बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. एका महिन्याचे दीड महिने झाले. भैयाला मी अजून सांगितलंच नव्हतं.

मग नवमी आली. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. माझे वडील रेल्वेत फिटर होते. त्यांचा पाना, हातोडी, पक्कड घासूनपुसून पाटावर यायची. आईचं म्हणणं, ज्या हत्याराची पूजा चुकते ते धन्याच्या हातावर उलटतं. वडिलांच्या करंगळीचं टोक ज्या वर्षी गेलं, त्या वर्षी नवमीला ते ड्यूटीवर होते. एवढा पुरावा आईला पुरतो.

मी हसायचो या गोष्टीला. पण नवमीला दोन दिवस राहिले तेव्हा कपाटातल्या त्या गिटारीसमोर उभा असताना मला वडिलांची करंगळी आठवली आणि बोटं गार पडली. मुलीशी खोटं बोलताना मला काही झालं नव्हतं, आणि गिटारीची पूजा चुकेल म्हणून मात्र मी घाबरलो. आज हे लिहितानासुद्धा स्वतःचा राग येतो.

सातवी मी घरी आणली. रात्रभर डिकीत ठेवली. बेत साधा होता. नवमीच्या सकाळी सगळे आंघोळीच्या गडबडीत असताना ती वर आणायची आणि सहा बॅगांच्या मागे उभी करायची. सहा उघडून पाटाजवळ मांडायच्या, सातवीला बॅगेच्या आतच बोटभर कुंकू लावायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

बॅग खांद्याला लावून जिना चढत होतो. वळणावर वर पाहिलं तर दारापुढे मुलगी रांगोळी काढत बसलेली. डाव्या हाताच्या चिमटीत रांगोळी तशीच राहिली. तिने बॅगेकडे पाहिलं, बॅगेला लटकणाऱ्या दुकानाच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"आ गया, पापा?"

नाही म्हणायला मला एक क्षण मिळाला होता. मी तो घालवला. म्हणालो, "आधी पूजा होऊ दे."

ती उठली ती रांगोळीवर पाय देऊनच आत धावली. "आजी, मेरा गिटार आ गया!" एवढ्या मोठ्याने ती कधी बोलत नसे. मी जिन्यावर तसाच उभा. खाली उतरून गाडी घेऊन निघून जावं असंही मनात आलं. पण आई दारात आली होती, तोंडभर हसत. "आण ना आत. काहून उभा राहिला बावळ्यासारखा?"

बायको स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत. तिने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती हसली नाही. तिला माझा चेहरा वाचता येतो.

पाटावर आईची कात्री, विळी, बायकोचा शाळेतला लाल पेन आणि हजेरीपट, मुलीची वह्यापुस्तकं आधीच मांडलेली होती. आईने मधली जागा मोकळी केली. "माह्या सहाही राहू दे बाजूले," मी म्हटलं, "आधी आरती करून घेऊ." माझा आवाज मलाच परका वाटला.

"त्या म्हाताऱ्या झाल्या तुह्या," आई म्हणाली. "पोट्टीची पहिली. खोल वो."

मुलगी खाली बसली. चेन अगदी हळू उघडली. चिंचोक्याचा रंग दिसला तेव्हा ती "ओह" म्हणाली. मग तिने गिटार बाहेर काढली आणि मान उजव्या हातात घेतली, जशी तिला घ्यायची होती तशी. मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता तारांकडे बघत होतो. जाड तार खाली होती.

तिने अंगठा जाड तारेवरून फिरवला, मग बारीक तारेवरून. पुन्हा एकदा. खात्री करून घेत होती. आईला काही कळलं नव्हतं, ती कुंकवाची वाटी हातात धरून थांबली होती.

"अच्छा," मुलगी म्हणाली. तिने गिटार वळवली, सरळ केली, पाटावर ठेवली. वाटीतलं कुंकू घेऊन तिला बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये तो आपका है, पापा."

रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती उठून रांगोळी नीट करायला गेली.

आईने विचारलं, "म्हणजे? पोट्टीसाठी नाही आणली का?" मी मान खाली घातली. आईने वाटी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला शिवी दिली नाही. बायको म्हणाली, "आज सण आहे. उद्या बोलू."

आणि मग तो दिवस सुरू झाला. पूजा झालेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. मी ती उचलून आत ठेवू शकत नव्हतो, बॅगेत घालू शकत नव्हतो, कापड टाकू शकत नव्हतो. हॉलच्या मधोमध ती कुंकू लावून पडून होती. स्वयंपाकघरात जायला तिच्या बाजूने जावं लागे, बाल्कनीत जायला तिच्या बाजूने. मुलगी दिवसभरात किती वेळा गेली. दर वेळी ती फ्रॉकचा घेर हाताने आवरून घ्यायची, गिटारीला लागू नये म्हणून. तिची ती काळजी मला सहन होईना. शेजारच्या काकू प्रसादाला आल्या आणि म्हणाल्या, वा, नवीन दिसते. मुलगी म्हणाली, "पापा की है, आंटी. अच्छी है ना?"

दसऱ्याला संध्याकाळी ती सोनं घेऊन आली, पानं हातात दिली, पाया पडली. मी म्हटलं, "मी चुकलो." तिने मान हलवली आणि आजीकडे सोनं द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी सातवी आणि सोबत आणखी दोन घेऊन सदर बाजारात गेलो. भैयाने तिन्ही ठेवून घेतल्या आणि माझ्यासमोर कलकत्त्याला फोन लावला. गिटार येईपर्यंत थंडी पडली. त्या काळात मुलीने माझी सगळ्यात जुनी गिटार तिच्या खोलीत नेली. विचारलं नाही, आणि मीही परत मागितली नाही. दाराआडून आवाज यायचा. आधी खडखड, मग एकेक जुळणी, मग एक दिवस स्वच्छ सहा तारा. मी बाहेर पेपर धरून बसलो होतो. तो एफ होता.

डाव्या हाताची आली तेव्हा मी ती बॅगेतून काढूनच तिच्या हातात दिली. तिने मांडीवर घेतली, बोटं ठेवली. बेसूर. पुन्हा ठेवली. तिची बोटं तारा उलट्या क्रमाने शोधत होती आणि त्या आता सुलट होत्या. अर्धा तास तिने मनापासून प्रयत्न केला, माझ्यासाठीच केला असणार. मग गिटार माझ्याकडे देत म्हणाली, "अब नहीं होगा, पापा. मुझे उल्टा ही आ गया है."

आता ती पुण्याला शिकते. जुनी गिटार घेऊन गेली. उरलेल्या मी हळूहळू देऊन टाकल्या. डाव्या हाताची तेवढी राहिली, ती द्यायला मन होत नाही. दर नवमीला ती एकटीच पाटावर येते.

गेल्या दिवाळीला मुलगी घरी आली होती. मी दुपारी तीच गिटार घेऊन बसलो होतो, मान माझ्या डाव्या हातात. जाड तारा खाली, बारीक वर. त्या वर्षी तिने दाराआड काय केलं होतं ते मला एकदा हातांनी बघायचं होतं. साधी पहिली जुळणीसुद्धा लागेना. बोटं कुठे जावीत तेच कळत नव्हतं, आणि घाम फुटला होता. मान वर केली तर ती दारात उभी होती. किती वेळची कोण जाणे.

"उल्टा पकड़े हो, पापा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हव."