मुक्तिनाथला कसं जायचं

आईचा पासपोर्ट संपला आणि तिने तो पुन्हा केला नाही. मला हे भावाकडून कळलं, तेही दुसरंच काहीतरी बोलताना. मी आईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "कशाला करायचा? आता तिकडे येणं काही माझ्याने व्हायचं नाही. विमानात पाय लोंबकळत ठेवायचे, मग आठवडाभर घोटे सुजलेले. झाले तेवढे फेरे पुष्कळ झाले."

तिने हे भाजीत मीठ कमी पडल्यासारखं सांगितलं. मी मात्र ऑकलंडमधल्या माझ्या स्वयंपाकघरात हातात फोन धरून बराच वेळ उभी राहिले. आई दर दोन वर्षांनी आमच्याकडे यायची. वडील गेल्यावरही येत राहिली होती, तीन-तीन महिने राहायची. यापुढे भेटायचं तर मीच साताऱ्याला जायचं, आणि माझी रजा म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं.

मग थोड्या दिवसांनी तिने स्वतःहून एक गोष्ट मागितली. आईने आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. न्यूझीलंडहून काय आणू असं विचारलं तरी "काही नको, तू ये" एवढंच. ती म्हणाली, "मला एकदा मुक्तिनाथला जायचंय. नेपाळला पासपोर्ट लागत नाही म्हणे. तू येशील का बरोबर?"

मी लगेच हो म्हणाले. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की कुठे न्यायचं असेल तर या वर्षी न्या, पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही. म्हणजे हे याच वर्षी व्हायला हवं होतं, नाहीतर कधीच नाही.

शाळेच्या भूगोलात आम्हाला 'भूवेष्टित देश' असा शब्द होता. समुद्र नसलेला, चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनीने वेढलेला देश. उदाहरण द्या म्हटलं की नेपाळ लिहायचं आणि मार्क घ्यायचे. अशा देशात पोचायला किती कटकट असते हे त्या पुस्तकात नव्हतं. मी राहते तो देश नेमका उलटा. इथे कुठल्याही बाजूने चालत सुटलं तरी समुद्रच लागतो. इथून बाहेर पडायचं तर विमान, दुसरा विचारच नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यालाही तीच सवय झाली होती.

मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. सकाळची ड्युटी संपवून ट्रेनने न्यू लिनला उतरायचं, पावसात घरापर्यंत चालायचं, बूट दारातच काढायचे, कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत लॅपटॉप उघडून नेपाळ बघायचं, असा माझा त्या हिवाळ्यातला कार्यक्रम होता. पोटऱ्या ठणकत असायच्या. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन चौथी झाली तरी मी काठमांडूच्या विमानतळावरच असायचे.

पर्याय भरपूर होते. मी सिंगापूरमार्गे काठमांडू, आई आणि भाऊ पुण्याहून दिल्लीमार्गे काठमांडू. तिथून पोखऱ्याला दुसरं विमान. पोखऱ्याहून जोमसोमला तिसरं, ते छोटं, डोंगरांच्या मधून जाणारं. जोमसोमहून जीपने देवळाच्या पायथ्याशी आणि तिथून वर घोड्यावर. विमान नको असेल तर पोखऱ्याहून जीप, पण ती दिवसभर खडकांतून हाडं खिळखिळी करत जाते. पैसे उडवायचे असतील तर हेलिकॉप्टर. शिवाय आपल्या मराठी यात्रा कंपन्या होत्याच, स्वतःचा आचारी बरोबर घेऊन जाणाऱ्या. हिमालयात साबुदाण्याची खिचडी मिळाली नाही तर आपल्या लोकांची यात्रा सुफळ होत नाही. पण त्यांच्या तारखा माझ्या रोस्टरमध्ये कुठेच बसेनात.

आणि सगळ्यात जुना रस्ता, रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सरहद्द चालत ओलांडायची आणि पलीकडे पोखऱ्याची बस धरायची. हा मी बघितला आणि सोडून दिला. त्या वयाच्या बाईला घाटातून दिवसभर बसमध्ये कोण बसवणार?

माझ्या मुलीला मात्र तोच आवडला. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. माझ्या खांद्यावरून वाकून बघत तिने विचारलं, "वेट, यू कॅन जस्ट वॉक इन? टू अनदर कंट्री?"

"हो. कमान आहे तिथे एक. अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ."

"दॅट्स सो कूल. मॉम, डू दॅट वन."

"तू अभ्यास कर," मी म्हटलं.

आमच्या वॉर्डात बुटवलची एक नेपाळी नर्स आहे. बुटवल त्याच रस्त्यावर, सरहद्दीपासून जवळ. एकदा चहाच्या सुट्टीत मी तिला सगळा बेत सांगितला. आमचं आपसात हिंदीतच चालतं. ती म्हणाली, जोमसोमचं विमान फक्त सकाळी उडतं. दुपारी तिथे असा वारा सुटतो की कुणाची हिंमत नाही. ढग आले की सकाळचंही रद्द. म्हाताऱ्या माणसाला एकदम उंचावर नेऊ नकोस, वाटेत दोन-तीन मुक्काम कर, दम लागतो. मी मान डोलावत होते. शेवटी तिने विचारलं, "और वीज़ा?"

मी हसले. "नेपाळला आपल्याला व्हिसा कुठे लागतो?"

ती माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राला बोट लावून म्हणाली, "हमें मतलब किसे? तुम तो कीवी हो."

मी इथली नागरिक होऊन कैक वर्षं झाली होती. समारंभात राष्ट्रगीत म्हटलं होतं, माओरी भाषेतलं कडवं अडखळत का होईना पण म्हटलं होतं, आणि मुंबईच्या विमानतळावर मी दरवेळी बिनचूक वेगळ्या रांगेत उभी राहते. पण नेपाळ म्हटल्यावर ते सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. नेपाळ म्हणजे आपलंच, तिथे कसला व्हिसा. ती चहा संपवून गेली आणि मी उगाचच रिकाम्या कपाकडे बघत बसले. मला वाईट वाटलं. हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण त्या दिवशी माझ्यात हसण्याचंही त्राण नव्हतं.

रविवारी आईला हे सांगितलं तर ती खूश झाली. "म्हणजे मी आपली आधार कार्ड दाखवून सरळ आत, आणि तू परक्यांच्या रांगेत!" ती म्हणाली. "चल, मी घेऊन जाते तुला नेपाळला."

खूश झाली ती तेवढ्यापुरतीच. कुठलाही पर्याय सांगितला की तिच्याकडे खोड तयार. तीन-तीन विमानं नकोत, कान दुखतात. छोटं विमान तर नकोच नको. हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी माणसाचं वजन करतात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. "माझं वजन सगळ्यांसमोर नको करायला." यात्रा कंपनी नको, कारण त्या बायका सकाळपासून भेंड्या लावतात. मग तुझं काय म्हणणं आहे असं विचारलं की, "माझं काही नाही. तुमच्या सोयीने ठरवा."

आमच्या घरात, आणि मला वाटतं आमच्यासारख्या पुष्कळ घरांत, हे असंच चालतं. आईने "तुमच्या सोयीने" म्हणायचं आणि मुलांनी परस्पर सगळं ठरवून तिला कळवायचं. भाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याने प्रत्येक पर्यायाचे फायदे-तोटे मांडून मला पाठवले होते. आम्ही दोघं आईबद्दल तासन् तास बोलायचो. मी तिचे गुडघे, तिचं बीपी, तिचा ऑक्सिजन यांचा विचार करत होते, आणि तो वेळेचा. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की आईला कमीत कमी वेळ प्रवासात ठेवायचं.

एका रविवारी माझा तोल गेला. लागोपाठ ड्युट्या झाल्या होत्या, वॉर्डात माणसं कमी होती, आणि आई म्हणाली की जीपमध्ये म्हणे फार धक्के बसतात. मी म्हटलं, "मग पालखी पाठवू का आई? विमान नको, हेलिकॉप्टर नको, जीप नको. तुला जायचंय की नाही ते एकदा सांग. मी इथे रजेसाठी लोकांच्या पाया पडतेय."

ती म्हणाली, "चिडू नकोस. विमानाचं काढ. मी कानात कापूस घालीन."

रजा मिळाली ती दोन आठवड्यांची, जाणं-येणं धरून. मॅनेजरने ती दिली तीसुद्धा उपकार केल्यासारखी. दोन आठवड्यांत मुक्तिनाथ बसवायचं तर सगळीकडे विमानच, तेही ढग आले नाहीत तर. भावाने सांगितलं, सोमवारी तिकिटं काढून टाकू, भाव वाढतायत. मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला तोपर्यंत या यात्रेचा कंटाळा आला होता. देवळातल्या गार पाण्याच्या एकशे आठ धारांखाली उभं राहण्याऐवजी दोन आठवडे नुसतं झोपायला मिळालं असतं तरी चाललं असतं.

आदल्या दिवशी रविवारची संध्याकाळ होती. मी भात टाकला होता, साताऱ्याला आईचं दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. भाऊ तिच्याकडे आलेला होता, व्हिडिओवर दोघं शेजारी बसलेले. तो मला विमानांच्या वेळा वाचून दाखवत होता आणि आई हसऱ्या चेहऱ्याने कुठेतरी दुसरीकडेच बघत होती. माझी मुलगी फ्रिजमधून काहीतरी घ्यायला आली. ती थांबली, आणि माझ्या हातातून फोन घेऊन तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तुला काय हवं? प्लेन ऑर बस?"

"बस," आई म्हणाली. एक क्षणही न थांबता.

भाऊ वाचायचा थांबला. मला वाटलं, तिला प्रश्न नीट कळला नसेल.

"बस म्हणजे पूर्ण दिवस, आई," तो म्हणाला. "घाट आहे. आणि त्याआधी गोरखपूरपर्यंत रेल्वे."

"माहितीये मला."

"व्हाय, आजी?" मुलीने विचारलं.

आई कॅमेऱ्याच्या जवळ आली. तिला वाटतं जवळ आलं की जास्त ऐकू जातं. ती नातीलाच सांगत होती, आम्ही दोघं तिथे नसल्यासारखं. "विमानात तुझी आई झोपते. पट्टा लावला की डोळे मिटले. घरी इथे येते तेव्हा बँक, दातांचा डॉक्टर, येणारे-जाणारे. तुमच्याकडे मी आले की तिची ड्युटी. मी खिडकीत बसून तिची वाट बघायची, आली की ती दमलेली. बोलायचं राहूनच जातं. बसमध्ये कुठे जाईल? दिवसभर माझ्या शेजारी बसेल."

मला आधी राग आला. इतके महिने कान काय, वजन काय, भेंड्या काय. मी फोन घेतला आणि म्हटलं, "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मला सांगत होतात."

गॅसवर भात लागल्याचा वास येत होता. मुलीने जाऊन गॅस बंद केला.

"पण आई, बसने गेलो तर मुक्तिनाथ होत नाही," मी म्हटलं. "माझी रजा तेवढी नाहीये. रेल्वे, बस, मधले मुक्काम, मग परत तेवढंच. पोखऱ्यापर्यंत जेमतेम जाऊन येऊ. पुढे नाही जाता यायचं."

मला वाटलं आता ती विचार करेल. याच एका देवासाठी आम्ही अख्खा हिवाळा घालवला होता, आणि पुढच्या वर्षाचं डॉक्टर सांगत नव्हते. तिलाही ते माहीत होतं, आम्ही तिच्यापासून लपवलं असलं तरी.

"पोखऱ्यापर्यंत पुरे," ती म्हणाली. "तिथूनच हात जोडीन. आणि येताना पण बसनेच यायचं, हां."

सोमवारी भावाने रेल्वेची तिकिटं काढली. मी मुंबईच्या विमानाचं तिकीट घेतलं आणि नेपाळी मैत्रिणीकडे बसची चौकशी केली. ती म्हणाली, डाव्या बाजूला बस, तिकडून दरी छान दिसते. संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसले होते तेव्हा आईला ते सांगायला फोन केला. "डावीकडच्या सीट घेऊ," मी म्हटलं. "खिडकीची जागा तुला. दरी आणि डोंगर बघता येतील."

"नको," ती म्हणाली. "खिडकीशी तू बस. मला नाही डोंगर बघायचे. तू फक्त माझ्याकडे तोंड करून बस."