डाव्या पायाची सुट्टी

"जल्दी असेल तर ऑटो पकडा," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा गाड्यांचा मिस्त्री तुम्ही पाहिलाय? आमच्या नानाखेडा वस्तीत अशा एकांचं गॅरेज होतं. बोलताना नजर गिऱ्हाइकाच्या चपलांवर. डावी चप्पल कुठे झिजली यावरून म्हणे त्यांना क्लचची तब्येत कळायची, आणि खरंच कळायची.

क्लच काढून गाडी ऑटोमॅटिक करून मागणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. "डावा पाय देवानं शोभेला दिलाय का?" हे ठरलेलं वाक्य.

मग पक्षाघातानं माझाच डावा पाय लुळा पडला. मिस्त्री भेटायला आले आणि खाली मान घालून बसले. अंगणात माझी जुनी चार सिलिंडरची जीप धूळ खात होती. माळव्यातली एकही कच्ची वाट मी आणि तिनं सोडली नव्हती. विकून टाकतो, मी म्हणालो. तेव्हा त्यांनी मान वर केली.

"विकायची नाही. तिचा गिअरबॉक्स मी बदलतो."

भंगारातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, तर तो इंजिनाला जुळेना. मध्ये बसवायची लोखंडी प्लेट त्यांनी लेथवर करून घेतली. ती केसभर चुकली आणि सगळी गाडी थरथरायला लागली. मग दुसरी केली. गिअरबॉक्स लांब, म्हणून मागची चाकं फिरवणारा शाफ्ट कापून आखूड केला. चार महिने गेले. मी रोज खुर्ची टाकून बसायचो. ते दिवस मला अजून हवे आहेत.

पहिली चक्कर त्यांनी घेतली, मी शेजारी. वळणावर सवयीनं त्यांचा डावा पाय क्लच दाबायला गेला आणि ब्रेकवर पडला. दोघांचीही कपाळं काचेवर आपटली.

"चाळीस वर्षांची आदत आहे, भाऊ," कपाळ चोळत ते म्हणाले. "तुम्हीच चालवा. तुमचा पाय मध्ये येत नाही."

दोन वर्षं झाली नाहीत तोच ते गेले. त्यांचं घर जुन्या शहरात. तिथून चक्रतीर्थाच्या स्मशानघाटापर्यंत सगळे पायी निघाले. मला तेवढं चालवत नाही, म्हणून मी जीप काढली. ब्रेक सोडला की ती माणसाच्या चालीनं आपोआप सरकते. तशीच ती खांदेकऱ्यांच्या मागे सरकत राहिली.

घाटाशी सगळे पायऱ्या उतरून खाली गेले. मला मात्र इंजिन बंद करवेना.