पाठमोरं वटवाघूळ

भुसामामांना मी बावीस वर्षं ओळखत होते आणि त्यांचं एक साधं काम माझ्या हातून झालं नाही. लोक म्हणतात, बाई शिस्तीच्या. कसली डोंबलाची शिस्त! आळस होता तो, आणि वर थोडा ताठा.

आमच्या संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत भुसा भरायचं काम मामांचं. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. अंगात ढगळ डगला, खिशात सुई, दोरा आणि काचेचे डोळे. चष्मा काढायला खिशात हात घातला की आधी कोल्ह्याचा डोळा टेबलावर घरंगळायचा.

सस्तन प्राण्यांच्या दालनात त्यांचा जीव रमायचा. शाळेची मुलं आली की मी पाठ केलेलं घडाघडा म्हणायची. मामा मागून हळूच सशाचं जुनं कातडं पुढे करायचे आणि मुलांना त्यावर हात फिरवू द्यायचे. अंगावर केस, आत उबदार रक्त आणि पिलाला आईचं दूध, एवढं त्यांचं शास्त्र. कोणी अंडी घालतं, तो चोचीचा प्लॅटिपस. कोणी पिलू पिशवीत वाढवतं, ती कांगारू. आणि पोटात पुरतं वाढवणारे आपण बाकीचे, देवमाशासकट. देवमाशाला केस कुठेत, असं एखाद्या आगाऊ पोरीने विचारलंच तर म्हणायचे, असतात तोंडाजवळ चारदोन, माझ्या टाळूवर आहेत तेवढेच.

एकाच गोष्टीने ते हळहळायचे. त्यांनी तरुणपणी एक मोठं वटवाघूळ भरलं होतं. मामा टायफॉइडने अंथरुणाला खिळले असताना तेव्हाच्या साहेबांनी ते उडतं म्हणून थेट पक्ष्यांच्या कपाटात टांगलं, तेही काचेकडे पाठ करून. वर पाटी लागली, नोंद झाली, कपाटाला सील लागलं. सील तोडायचं तर वरच्या कार्यालयाची मंजुरी हवी, आणि पत्र लिहायचं ते संग्रहालयाची प्रमुख म्हणून मी. मामांनी तीनदा अर्ज दिला. मी दर वेळी म्हणाले, बघू. एकदा तर मी हसून म्हणाले, मामा, ते कुठे उडून चाललंय? ते एवढंच म्हणाले, "एकदा तिला फिरवून तर बघा, बाई."

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला असताना त्यांच्या नातीच्या शाळेची सहल आली. नात असेल दहाएक वर्षांची. वटवाघूळ पक्षी नाही, ते माझ्या आजोबांनी केलंय, असं तिने वर्गाला आधीच सांगून ठेवलं होतं. कपाटासमोर मुलांनी तिला घेरलं. पाटीवर तर पक्षी लिहिलंय! त्यांच्या शिक्षिकेने मला विचारलं, खरं काय? मामा दोन हातांवर फडकं घेऊन उभे होते. मला खरं ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. पण पाहुण्यांसमोर आमची पाटी चुकली म्हणायचं कसं?

"पाटीवर आहे तेच बरोबर," मी म्हणाले.

वर्ग खो खो हसला. मामा फडक्याची घडी घालत आत निघून गेले.  

निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात ते गेले. पुढच्याच वर्षी कपाटांना कसर लागली आणि वरून आपसूक मंजुरी आली. मी स्वतः सील तोडलं आणि वटवाघूळ फिरवलं. पंखाच्या आत, काखेपाशी, अंगठ्याएवढं पिलू आईला बिलगलेलं होतं. तोंड दुधाला लागलेलं. टाके शोधूनही सापडेनात. सगळा पुरावा तिथेच होता, लाकडी फळीकडे तोंड करून, इतकी वर्षं. मी खाली बसून रडले.

मग नातीला बोलावून घेतलं. आता ती उंच झाली होती, आजोबांसारखीच कमी बोलणारी. वटवाघूळ मी सस्तन प्राण्यांच्या दालनात, तोंड काचेकडे करून लावलं होतं. मी तिला सांगितलं, तुझे आजोबा खरे होते, मी जाणूनबुजून खोटं बोलले, मला माफ कर.

तिने काचेवर, त्या पिलापाशी, बोट टेकवलं.

"तुम्ही खोटं बोलताय, हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण सगळे हसले, म्हणून मीपण हसले. आणि आजोबा माझ्याकडेच बघत होते."