लंगडं मुंगूस

मुलांचं लाडकं लंगडं मुंगूस मीच रचलं, असं मी नाशिकच्या कोर्टात शपथेवर खोटं सांगितलं. पुस्तकं माझ्या नावावर होती, पण गोष्टी ताईच्या. लहानपणी माझ्या अधू पायावरून पोरं चिडवायची, तेव्हा झेंडूच्या माळा ओवता ओवता तिने ते मुंगूस माझ्यासाठी रचलं. पुढे त्यावर कार्टून निघायचं ठरलं. ताईने आपलं नाव मागितलं आणि मी वकील केला.

निकाल माझ्या बाजूने लागला. कोर्टाच्या पायरीवर मी अडखळलो, तर ताईनेच सवयीने हात पुढे केला.

"या मालक, धरा," ती म्हणाली.

तो हात मला धरवला नाही. दसऱ्याला बाजारात तिच्या फुलांपाशी जाऊन बसलो.

"ताई, मुंगूस तुझं आहे. कोर्टात तसं लिहून देतो. मला माफ कर."