पानमळ्यासाठी कॅमेरा

अंधाऱ्या पानमळ्यात फोटो काढायचा होता आणि मी चंद्रावरचे खड्डे दाखवणारा कॅमेरा विकत घेतला.

यात मला कुणी फसवलं नाही. घाईही झाली नाही. घाईत केलेल्या चुकीला निदान एक सबब असते. मी ही चूक शांतपणे, अभ्यास करून, जाणत्या माणसांना विचारून केली.

माझी सासुरवाडी निमगाव केतकीची. सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, तिथं जुना पानमळा होता. उंच वाढवलेल्या शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या विड्याच्या पानांच्या वेली, ओळीला ओळ लागून. आबांचं आयुष्य त्या ओळींमध्ये गेलं. पण पानं खुडणारी माणसं मिळेनाशी झाली, आबांचे गुडघे बोलायला लागले आणि मेव्हण्यानं मळा मोडून डाळिंब लावायचं ठरवलं. आबांनी वाद घातला नाही. एकच मागणी केली. मळा मोडायच्या आधी त्यात उभं राहून आपला एक फोटो निघावा आणि तो घराच्या सोप्यात लागावा.

मोबाइल होताच घरात. पण मोबाइलचं नाव काढायची सोय नव्हती. मागं सासूबाईंचा एक फोटो असाच कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून घेऊन मोठा करून मीच आणला होता. त्यात त्यांचं कुंकू चौकोनी आलं. सासूबाईंनी तो फोटो कपाटामागं सारला, तो अजून तिथंच आहे. तेव्हा आबांनी सांगून टाकलं की फोटो खऱ्या कॅमेऱ्याचा पाहिजे. आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले, कारण घरात मास्तर मीच. मास्तराला सगळं कळतं असा निमगावात अजून समज आहे. मीही तो कधी खोडून काढला नाही.

मी सांगवीच्या शाळेत भूगोल शिकवतो, राहतो बारामतीत. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत विषय काढला आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. चित्रकलेचे सर म्हणाले, मिररलेस घ्या, अगदी पहिल्या पायरीचा घेतला तरी चालेल. सेन्सर मोठा असतो, कमी उजेडात चालतो, भिंग बदलता येतं. विज्ञानाचे सर दर रविवारी उजनीच्या पाणलोटावर रोहित पक्षी बघायला जातात. ते म्हणाले, मिररलेस घेऊन काय करणार, पुढं नुसती भिंगंच घेत बसाल. सुपरझूम घ्या, हातात मावतो, जवळचं-लांबचं सगळं एकाच भिंगात. मग ते दोघं एकमेकांशीच बोलायला लागले आणि मी डबा खाल्ला.

घरी येऊन व्हिडिओ बघितले. एक बघितला की मिररलेस पटायचा, दुसरा बघितला की सुपरझूम. तिसऱ्यात एक गृहस्थ शेवटी म्हणाले की तुमची गरज काय आहे ते आधी ओळखा. हे ऐकून मी जास्तच गोंधळलो. गरज आबांची होती, पैसे माझे होते आणि रोहित पक्षी मध्येच येऊन उभे राहत होते. खरं सांगायचं तर पाणलोटाच्या काठावर, गळ्यात कॅमेरा अडकवून, डोळे बारीक करून उभा असलेला मी मला दिसायला लागलो होतो. त्या चित्रात आबा कुठंच नव्हते.

शिवाय मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. एखाद्या वस्तूचं नाव तिच्यात काय नाही यावरून ठेवलेलं असलं की मला धाकधूक वाटते. बायकोला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बिनसाखरेचा चहा पिता की रोज."

शेवटी बारामतीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता. त्यानं दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले आणि विचारलं, काय काढायचंय. मी म्हणालो, सासऱ्यांचा फोटो. त्यानं मिररलेस पुढं सरकवला. मग मी, कुणीही न विचारता, रोहित पक्ष्यांचा विषय काढला. त्यानं सुपरझूम पुढं सरकवला. मला दारात नेलं, रस्त्यापलीकडच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दाखवली आणि बटन दाबलं. भिंग सोंडेसारखं बाहेर आलं. टाकीवर कबूतर बसलं होतं. मला त्याचा डोळा दिसला. नुसता डोळा, लाल कड असलेला.

संपलं. जो कबुतराचा डोळा दाखवतो त्याला आबा काय जड, असा हिशोब मी केला. खोक्यावर चंद्राचा फोटोही होता.

रविवारी निमगावला गेलो. आबा धुतलेलं धोतर नेसून, नवी बंडी घालून, फेटा बांधून सकाळपासून तयार होते. मळ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी चपला काढल्या. पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. वेल देवाची. आत विडी ओढायची नाही, आरडाओरडा करायचा नाही. हे मला लग्नापासून माहीत होतं. पण या नियमांचा कॅमेऱ्याशी काही संबंध येईल असं कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

आत शिरलो आणि दुपारी संध्याकाळ झाली. वर पानांचं छप्पर, खाली ओल, मध्ये हिरवा अंधार. बाहेरून आलेल्याला आधी काही दिसत नाही. मग हळूहळू वेली दिसतात, मग त्यातलं माणूस. आबा दोन ओळींच्या मध्ये हातात पानांची पाटी घेऊन उभे राहिले. मी बटन दाबलं. कॅमेऱ्यानं आपल्या मनानं फ्लॅश मारला.

आबांनी डोळे चोळले. पाटी खाली ठेवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "आमी हितं काडी वढत न्हाय. आन् तुमी वीज पाडताय व्हय?"

हा नियम आधी कुणी केलेला नव्हता, कारण आधी कुणी मळ्यात फ्लॅश मारला नव्हता. तो तिथल्या तिथं झाला आणि सगळ्यांना मान्य झाला. मी फ्लॅश बंद केला. त्यानंतर कॅमेऱ्याला आबा दिसेनात. तो बिचारा लांबच्या, उजेडातल्या गोष्टी बघायला जन्मलेला. बारीकसा सेन्सर, त्यात हिरवा काळोख. एका फोटोत आबांना दोन नाकं आली. एकात चेहऱ्यावर तीळ पेरल्यासारखे ठिपके. मी म्हणालो, आबा, हलू नका. आबा म्हणाले, मी हललेलोच न्हाय, हात तुमचा हलतोय. ते खरं होतं.

मग वाटलं, पैसे झूमचे दिलेत तर झूम वापरावा. त्यासाठी मागं सरकायला पाहिजे होतं. दोन ओळींमध्ये माणूस कसाबसा मावतो. मी मागं सरकलो, पाठ शेवरीला घासली आणि एक वेल कटकन तुटली. आबांनी येऊन तुटलेलं टोक हातात घेतलं, बघितलं आणि अलगद फांदीवर ठेवलं. येत्या आठवड्यात तो मळाच मोडायचा होता, तरी.

त्यानंतर मी बाहेर पाण्याच्या चारीच्या बांधावर जाऊन तिथून झूम लावला. बुंध्यांच्या फटीतून एकच फोटो खणखणीत आला. आबांच्या कानाचा. कानातला केस न् केस वेगळा दिसत होता.

परतीच्या एसटीत बारामतीचा स्टँड आला तेव्हा बायको म्हणाली, "गडी ठरलेत. गुरुवारपासून मळा मोडणार. आबांनी दुसरं काही मागितलेलं नाही कधी."

दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो. दुकानदारानं कॅमेरा परत घेतला, थोडं तोंड वाकडं करून. वरचा फरक भरून मी मिररलेस घेतला. आता परत गफलत नको म्हणून त्याला सगळं नीट सांगितलं, की अंधार आहे, फ्लॅश चालत नाही, मागं सरकायला जागा नाही. त्यानं एक आखूड, जाड भिंग वेगळं काढून दिलं. म्हणाला, यातून उजेड भरपूर आत येतो, डोळे झाकून काढा. मी सल्ला तंतोतंत पाळला, असं आता वाटतं.

गुरुवारी रजा टाकून निमगावला पोचलो तर मळ्याच्या जागी आभाळ होतं. अर्ध्याहून जास्त शेवरी आडव्या पडलेल्या, वेलींचे ढीग, त्यांचा तिखट हिरवा वास. माझ्या हातात अंधारात बघणारा कॅमेरा आणि रानभर लख्ख ऊन. हे बघून मला हसावं की बांधावर बसावं ते कळेना. पण पलीकडच्या कोपऱ्यात एक तुकडा उभा होता. मेव्हण्यानं सांगितलं की आबा सकाळपासून तिथं पाटी घेऊन उभे आहेत, गड्यांना हात लावू देत नाहीत. म्हणतात, जावई येऊ दे.

मी पायताण बांधावरच काढलं. त्या उरलेल्या तुकड्यात अजून तसाच काळोख होता. आबांच्या अगदी पुढ्यात उभा राहिलो. बटन दाबलं आणि मागच्या पडद्यावर बघितलं. आबांच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा स्पष्ट आलं होतं. मिशीतला पांढरा आणि पिवळसर केस वेगळा. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. आणखी दोन-चार काढले, सगळे तसेच. मी मान हलवल्यावर आबा बाहेर आले, पाटी एका गड्याच्या हातात दिली आणि मागं न बघता घराकडं गेले. कुऱ्हाडी परत सुरू झाल्या.

बारामतीला येऊन फोटो मोठा केला, सागवानी चौकट घातली. घरी कुणाला दाखवला नाही, म्हटलं, सगळ्यांनी एकदमच बघावा. पुढच्या रविवारी सोप्यात आबांच्या हातात दिला. शेजारचे दोघं-तिघं आले होते. ते म्हणाले, मास्तर, चेहरा मात्र झकास. सासूबाईंनी कुंकवाची आठवण काढून मला माफ केल्यासारखं बघितलं.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग चौकट तिरकी करून बघितली. मग फोटोत खांद्यामागं जिथं वेली असायला पाहिजेत तिथली काच त्यांनी अंगठ्यानं पुसली. पुन्हा पुसली.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. आबांच्या मागं वेल नव्हती, पान नव्हतं, शेवरी नव्हती. मऊ, गुळगुळीत हिरवं धुकं होतं. शेवाळलेल्या भिंतीपुढं उभं केलं असतं तरी तसंच आलं असतं. मी सांगायला लागलो की चांगल्या भिंगाचं हेच वैशिष्ट्य असतं, माणूस तेवढा उठून दिसतो, मागचं सगळं विरून जातं, लोक यासाठी मुद्दाम जास्त पैसे मोजतात. बोलताना माझ्या लक्षात येत होतं की मी थांबायला पाहिजे.

खिडकीतून मोकळं रान दिसत होतं. डाळिंबासाठी खड्डे घेऊन झाले होते.

आबांनी चौकट माझ्या बायकोच्या हातात दिली.

"पोरी," ते म्हणाले, "मळा मोडाय आमाला गडी लावाय लागलं. तुज्या नवऱ्यानं एका बटनात मोडला."