चेअरमनसाहेबांची ऑस्ट्रेलियन मेंढरं

बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवत होतो, त्यामुळे पैशातलं मला काहीही कळत नव्हतं.

नव्वदीच्या दशकातले ते दिवस. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, जो तो शेअरवर बोलायचा. अशात आमच्याकडं 'शुभ्रलोकर लिमिटेड' नावाची कंपनी उगवली. गुळगुळीत माहितीपत्रक, वर मेंढीचा रंगीत फोटो आणि आत 'कंपनीची मालमत्ता : दोन हजार विदेशी मेंढ्या, केंद्रे दोन, लोणी भापकर व इंदापूर'. त्याच संध्याकाळी मी दहा हजारांचे शेअर घेतले! (बायकोला आठवड्यानं सांगितलं. मग ती दोन आठवडे बोलली नाही.)

पण माझा खरा डोळा आबांच्या पैशावर होता. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे कुरकुरायला लागले तसा आदल्या वर्षी त्यांनी अख्खा कळप विकला आणि आलेले चाळीस हजार सांगवीच्या घरी ट्रंकेत ठेवून दिले. त्यांना आणि आईला म्हातारपणी तेवढाच आधार.

"आबा, ट्रंकेत पैसे वाढत नाहीत."

"कमी बी व्हत न्हाईत."

"अहो, कंपनीकडं दोन हजार मेंढ्या आहेत!"

आबांनी कान टवकारले. "कुठं हायत? बघू की."

रविवारी कंपनीची जीप आली. चेअरमनसाहेब सफारीत, डोळ्यांवर काळा गॉगल. लोणी भापकरच्या पुढं एका मोकळ्या रानाच्या कडेला 'केंद्र क्रमांक एक' असा बोर्ड होता. लांब मेंढ्या चरत होत्या. खाली मात्र कुणी उतरायचं नाही! विदेशी जातीला माणसाचा वास चालत नाही म्हणे.

"कुठली जात म्हनायची?" आबांनी विचारलं.

"ऑस्ट्रेलियन!"

"ऑस्ट्रेलिया म्हंजे फलटनच्या अल्याड का पल्याड?"

मला जीपच्या सीटखाली जावंसं वाटलं.

"आन राखणीला कोन हाय?"

"आमचे पशुपालन अधिकारी आज रजेवर आहेत," साहेब म्हणाले.

आबांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "फुडल्या रविवारी इंदापूरचं बघू. मग ठरवू." मी इतका हरखलो की सोमवारीच त्यांचा अर्ज भरून ठेवला. फक्त सही राहिली होती!

पुढच्या रविवारी इंदापूरजवळ कालव्याच्या कडेचं पडीक रान. बोर्ड तोच, फक्त 'एक' खोडून 'दोन' केलेलं आणि रंग अजून ओला! तो बघून माझ्या मनात काय यावं? कंपनी किती झपाट्यानं वाढतेय!

जीप थांबायच्या आत आबा खाली उतरले.

"बाबा, थांबा! त्यांना माणसाचा वास..." चेअरमनसाहेब ओरडले.

"मला कुठं माणसाचा वास हाय? जल्म मेंढरात गेला," आबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "ही लोणीचीच मेंढरं हायत."

"आबा, मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसतात हो."

"तुज्या वर्गातली पोरं तुला सारखीच दिसत्यात का?"

(दिसतात. पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती.)

आबांनी 'हुर्रर्र, ये ये ये' अशी हाळी घातली. सगळ्या माना एकदम वर! एक लंगडी भुरी मेंढी कळप फोडून निघाली आणि थेट आबांच्या गुडघ्याला डोकं घासायला लागली. तिच्यामागं दुसरी, तिसरी, दहावी. मिनिटभरात कंपनीची सगळी मालमत्ता (दोन हजार कसली, शंभर भरली असती!) माझ्या वडिलांभोवती गोळा झाली.

"ऑस्ट्रेलियाला मराठी कळतंय की!" आबा म्हणाले.

बाभळीखाली कंपनीची टोपी तोंडावर घेऊन झोपलेला माणूस धडपडत उठला. तो भागुजी होता, आबांचा कळप विकत घेणारा!

"आबा? तुमी हितं?"

"हेच आमचे पशुपालन अधिकारी," साहेबांनी घाईनं ओळख करून दिली.

"कसला अधिकारी, आबा! खतासाठी मेंढरं बसवायला ह्या सायबांनी बोलावलंय. आदी लोणीला, मंग हितं. दोन पोती ज्वारी कबूल केलीया. वर म्हनलं, मानसं आली की टोपी घाल आन गप ऱ्हा."

मोकळ्या रानात कळप बसवायचा, रानाला लेंडीखत, मेंढपाळाला धान्य, ही रीत धनगराच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. मी धनगराचाच पोर. पण मी जमाखर्चातला घसारा शिकलो होतो! आबांचीच मेंढरं, मेंढरांच्याच पैशातनं, आबांनाच परत विकायला निघालो होतो मी. तीही नुसती कागदावर.

"सगळ्यांना थंड घेऊन येतो," म्हणून चेअरमनसाहेब जीप घेऊन गेले. ते अजून यायचे आहेत.

"आबा, तुम्ही पहिल्याच रविवारी ओळखलं होतं?"

"व्हय. भुरीची चाल लांबनं बी कळंना व्हय मला?"

"मग बोलला का नाही?"

आबा थोडं घुटमळले. "तू शिकलेला. म्हनलं, एखाद्या वेळंस माजंच चुकत आसंल."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुजं किती गेलं?"

"दहा हजार."

त्यांनी भागुजीशी थोडी घासाघीस केली, कनवटीचे पैसे मोजले, भुरीच्या गळ्यात दोरी बांधली आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. ह्यो तुजा शेअर."

टेम्पो मिळेल म्हणून आम्ही रस्त्याला लागलो. पुढं आबा, त्यांच्यामागं लंगडत पण हट्टानं चालणारी भुरी आणि दोरीला लोंबकळत, ठेचकाळत मी. समोरनं एक सायकलवाला आला. पाय टेकून म्हणाला, "काय पावनं, केवढ्याला पडलं?"

आबा मागं न बघताच म्हणाले, "फुडचं पाचशेला. मागचं घरचंच हाय."