अर्धा किलो उतरल्याचे पेढे

लेकीचं वजन अर्धा किलो उतरलं, म्हणून मी दुर्गाघाटाच्या गल्लीत पेढे वाटले. आज हे लिहितानाही कानशिलं गरम होतात. तेव्हा मात्र आपण फार रीतीने वागतोय असंच वाटलं होतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या प्रत्येक निकालाला वडील पेढे घेऊन गावच्या शाळेत जात आणि मला मास्तरांच्या पाया पडायला लावत. शिकले म्हणून रेल्वेच्या कचेरीत लागले, बदली होऊन काशीला आले. शिकवणाऱ्यांचे उपकार मानायची मला इतकी सवय झालीय की, जिथे टेबलामागे कुणी शिकवणारं दिसेल तिथे मी जाऊन पहिल्या बाकावर बसते.

लेक दहा वर्षांची. धावताना तिला दम लागायचा, म्हणून डॉक्टरांनी रुग्णालयातल्या रविवारच्या वर्गाला पाठवलं. वजन जास्त असलेल्या मुलांनी तिथे खेळायचं आणि पालकांनी ऐकायचं. मी ऐकलं, लिहून घेतलं, हात वर करून शंका विचारल्या.

"आप तो हमसे ज़्यादा पढ़के आती हैं," शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या. मला ते कौतुक वाटलं.

पुढे मुलांआधी वर्गच रोडावला. रामनगरचा एक मुलगा यायचा थांबला, कारण रविवारी पूल ओलांडून यायचं तर वडिलांचं दुकान बंद ठेवावं लागे. एका मुलीच्या आजीला नातीच्या ताटातली पुरी कमी झालेली बघवेना. मी मनातल्या मनात या सगळ्या पालकांना नापास करून टाकलं.

आणि मग तो अर्धा किलो! परतताना मी लाल पेढ्यांचा डबाच घेतला.

"बिटिया पास हो गई?" कोपऱ्यावरच्या पानवाल्याने विचारलं.

"आधा किलो घट गई!" मी गल्लीभर ऐकू जाईल असं सांगितलं.

आमच्या घरमालकीण काकू इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. पेढा हातात धरून त्या म्हणाल्या, "वजन घटलं म्हणून पेढे? अगं, आणि वाढलं असतं तर कारली वाटली असतीस का?"

मी खूप हसले. लेक मात्र जिना चढून वर गेली. संध्याकाळी खालून मुलांनी हाक मारली, "ए आधा किलो, खेलने आ!" ती गेली नाही.

पुढच्या रविवारी तिने चपलाच घातल्या नाहीत.

"तूच जा. तुलाच आवडतं ते."

"अगं, किती छान चाललंय तुझं!"

"माझं नाही, तुझं चाललंय. मला तिथे खेळायला मज़ा यायची. तू सगळ्यांना का बताया?"

इतक्या परीक्षा दिल्या, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. पुढचाही रविवार गेला, तेव्हा बाईंचा फोन आला. मी काय घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "फ़ोन बिटिया को दीजिए."

दोघींचं बराच वेळ काहीतरी ठरलं. मग लेकीने मला अट सांगितली. आईने बाहेर बसायचं. वजन बाई आणि ती, दोघींनाच माहीत असणार.

"पण थोडं तरी, निदान अंदाजे..."

"आई!"

"बरं. मंजूर."

त्या रविवारी मी बाहेरच्या बाकावर, चपलांच्या ढिगाशेजारी बसले. आतून चेंडूचे आवाज येत होते, आणि मधूनच तिचं हसू. ती बाहेर आली ती घामाघूम, लालबुंद. माझ्या तोंडात प्रश्न तयार होता.

"काय गं, किती..."

ती थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"...किती घाम आलाय! पाणी पितेस?"

तिने अर्धी बाटली संपवली, बाहीने तोंड पुसलं आणि पुढे चालू लागली. वळणावर मागे न बघताच म्हणाली, "नेक्स्ट संडे जरा लवकर निघू. उशिरा आलं की चेंडू मिळत नाही."